त्रेचाळीस-आठ

भावाचा निरोप आला तेव्हा मी एका हिंदी कादंबरीतल्या पाऊण पानाच्या वाक्याशी झगडत बसले होते. निरोपात एवढंच होतं : '४३-८. पुढचा आणि मागचा, दोन्ही. मायापुरीत मिळेल म्हणतात. बघशील का?'

त्याआधीचे सतरा दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

मी द्वारकेत राहते. श्रीकृष्णाच्या नाही, दिल्लीच्या. पप्पनकलां नावाच्या वस्तीच्या परिसरात आखलेलं, सेक्टरांत कापलेलं हे उपनगर. पालमला उतरणारी विमानं आमच्या गच्चीवरून इतकी खालून जातात की फोनवर बोलताना मध्येच थांबावं लागतं. आईला याची सवय झाली आहे. विमान आलं की तीही तिकडे गप्प होते आणि आवाज विरला की तिथूनच पुढे सुरू करते. आई राहते भोरच्या पलीकडे, हिरडस मावळात, नीरा-देवघरच्या पाण्याच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीवर. धाकटा भाऊ तिथेच भात आणि नाचणी करतो, थोडी जनावरं सांभाळतो. आणि त्याच्याकडे बाबांची जीप आहे.

बाबा भोरला शाळेत गणित शिकवत. वाडीपर्यंत एसटी येत नसे, म्हणून १९९१ साली त्यांनी सरकारी लिलावातून महिंद्रची जुनी जीप घेतली. प्यूजोच्या परवान्याचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन, ताडपत्रीचं छप्पर, मागे समोरासमोरची दोन बाकं. शेजारपाजारची बाळंतपणं, आजारपणं, शाळेचे गणपती, सगळं त्या जीपने वाहिलं. चार वर्षांपूर्वी बाबा गेले, तेही तिच्यातूनच भोरच्या दवाखान्यात नेताना. त्यामुळे जीप हा आमच्या घरात गाडीचा विषय राहिलेला नाही.

वाडीची वाट शेवटचे दोन किलोमीटर नुसती दगडगोट्यांची. मागच्या वर्षी पावसात एका उघड्या पडलेल्या दगडावर मागचं डिफ्रन्शल आदळलं, तडा गेला, तेल सांडलं. भावाने ते वेल्डिंग करून घेतलं आणि ठरवलं की गाडी उंच करायची. पुण्यातून त्याने ३१ इंची टायरांचा एक वापरलेला संच आणला. जुने टायर उभे धरून मोजले तर २८ इंच भरत. म्हणजे तीन इंचांची वाढ. फोटो पाठवला तेव्हा जीप एकदम रुबाबदार दिसत होती, लग्नात उसना कोट घातलेल्या माणसासारखी.

पण ती चढेना. वाडीकडून डांबरी रस्त्याला लागायच्या आधी एक आखूड वळण आहे, तेवढंच ग्रामपंचायतीने काँक्रीटचं केलेलं. उतारावरून आल्यावर पुढे लगेच उभा चढ. पूर्वी पहिल्या गिअरमध्ये जीप तिथे कुरकुरत का होईना, वर येई. आता इंजिन दबायला लागलं. क्लच अर्धवट दाबून, इंजिन रेटून ती चढवावी लागे. क्लचची प्लेट पाच महिन्यांत दोनदा जळाली. मी भोळेपणाने विचारलं, चारही चाकांची लो का लावत नाहीस? तो म्हणाला, या गाडीत पुढचा अ‍ॅक्सल जोडल्याशिवाय लो लागतच नाही, आणि कोरड्या काँक्रीटवर वळताना पुढचा अ‍ॅक्सल जोडला की गाडी आखडते. वळणात पुढची चाकं मागच्यापेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाकं थोडी घसरून हा फरक गिळतात, काँक्रीटवर घसरायला जागा नसते. मग सगळा पीळ शाफ्टमध्ये भरतो.

जुलैत आईला गुडघ्याच्या इंजेक्शनसाठी खाली नेताना त्या चढावर इंजिन बंद पडलं आणि जीप मागे घसरली. दहा-बारा फूट. भावाने हँडब्रेक ओढला, पायाने ब्रेक दाबून धरला आणि मागचं चाक कडेच्या दगडाला टेकवून गाडी थांबवली. कुणाला काही झालं नाही. आईने मला हे सांगितलंच नाही; भावजयीने सांगितलं.

त्या रात्री मी भावाला फोन केला आणि जे बोलायला नको होतं ते बोलले. म्हटलं, "जीप विकून टाक आणि आईला इकडे पाठव."

"जीप विकली तर आईला खाली आणू कशी?"

"म्हणूनच म्हणतेय."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ताई, तुला जीप विकायची नाहीये. तुला वाडी बंद करायचीय."

मी म्हटलं की बाबा असते तर त्यांनी असले टायर घातले नसते. हे वाक्य मी आजही परत घेऊ शकले तर घेईन. त्याने फोन ठेवला. त्यानंतर सतरा दिवसांनी तो निरोप आला. मला त्यात गाडीच्या भागाची मागणी दिसली नाही, आधी दिसलं ते हे की दिल्लीत बसून मला करता येईल असं एक काम त्याने शोधून काढलं होतं.

अनुवादकाची एक खोड असते. शब्द कळला नाही तर त्याच्या मुळाशी गेल्याशिवाय चैन पडत नाही. '४३-८' मला कळलं नव्हतं. भाऊ फोनवर अजून मोजकंच बोलत होता, तरी त्याने नीट समजावलं. मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो त्यात एक मोठं दातेरी चाक असतं, क्राऊन. इंजिनकडून येणाऱ्या शाफ्टच्या टोकाला एक लहान दातेरी तुकडा असतो, पिनियन. पिनियनचे दाते क्राऊनच्या दात्यांत फिरतात आणि चाकं फिरतात. आमच्या जीपच्या पिनियनला ८ दाते आणि क्राऊनला ३९. गोळा वेल्डिंगला उघडला होता तेव्हा त्याने खडूने खूण करून स्वतः मोजले होते. ३९ भागिले ८ म्हणजे ४.८८. शाफ्टचे पावणेपाचाहून थोडे जास्त फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो.

गुणोत्तर. हा शब्द मला बाबांनी शिकवला होता, सरबतात. एका लिंबाला साखर किती, आणि पाहुणे वाढले तर काय काय वाढवायचं. नुसतं पाणी वाढवलंस तर सरबत वाढत नाही, असं ते म्हणत.

रात्री जेवणाच्या टेबलावर मी कादंबरी बाजूला सारून आकडेमोड मांडली. २८ इंची टायर एका किलोमीटरला साधारण ४४८ फेरे मारतो. त्याला ३९-८ ने गुणलं की शाफ्टचे फेरे होतात सुमारे २१८२. टायर ३१ इंची केला की चाकाचे फेरे उतरतात ४०४ वर आणि शाफ्टचे १९७१ वर. म्हणजे तेवढंच अंतर कापायला इंजिनाला जवळजवळ दहा टक्के कमी फेरे मिळतात. ऐकायला बरं वाटतं. पण फेरे कमी म्हणजे प्रत्येक फेऱ्याला ओझं जास्त. चाकाखालच्या जमिनीला मिळणारी ओढ त्याच दहा टक्क्यांनी घटते. सपाटीवर कळणार नाही. जिथे पूर्वीच जेमतेम चढत होती तिथे जीप हरणार.

आता क्राऊन ४३ दात्यांचा केला तर? ४०४ ला ४३-८ ने, म्हणजे ५.३८ ने गुणायचं. उत्तर आलं २१७३. मूळच्या २१८२ शी ताडून पाहिलं. अर्ध्या टक्क्याचाही फरक नाही. मी ते तीनदा करून पाहिलं, कारण इतकं जुळलेलं उत्तर मला माझ्या धंद्यात कधी मिळत नाही.

अजून एक गोष्ट त्या आकड्यांतून निघाली. टायर तीन इंचांनी वाढला तरी गोळा जमिनीपासून वर उचलला गेला तो फक्त दीड इंच. बाकीची वाढ अ‍ॅक्सलच्या वरच्या बाजूला गेली. एवढा खटाटोप दीड इंचासाठी. मी हे भावाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मला माहितीये. तो दगड एक इंचाचाच लागला होता."

मग मी थोडं वाचलं. दुसऱ्या महायुद्धातली विलिज एमबी जीप, सगळ्या जीपांची आजी, तिचं गुणोत्तर ४.८८ होतं. १९४५ साली कंपनीने तिची नागरी आवृत्ती काढली, सीजे-२ए. युद्ध संपलं होतं, आता ही गाडी शेतकऱ्याला विकायची होती. तिने नांगर ओढायचा, ओझी वाहायची, बांधावरून चालायचं. म्हणून तिला ५.३८ चं गुणोत्तर दिलं. पुढे मुंबईत महिंद्रने जी सीजे-३बी बनवली तिचंही तेच. तिच्या पहिल्या गिअरचं, लो-चं आणि अ‍ॅक्सलचं गुणोत्तर यांचा गुणाकार सुमारे ३७ होतो. म्हणजे इंजिनाचे ३७ फेरे झाले की चाकाचा एक. माणसाच्या चालीनेही ती शेतात चालू शके. आमच्या जीपमध्ये आकडा सैनिकाच्या गाडीचा होता आणि काम शेतकऱ्याचं. भाऊ जे मागत होता ते नवीन काही नव्हतं, ते जुनंच होतं, एक पिढी मागचं.

मायापुरी आमच्यापासून लांब नाही. निळ्या मेट्रोने राजौरी गार्डन, तिथे गुलाबी लाइन आणि एक स्टेशन. मराठी वाचकांना मायापुरी म्हटलं की हरिद्वार आठवेल. दिल्लीकराला आठवतं भंगार. गाड्या इथे मरायला येतात आणि सुटे भाग होऊन पुन्हा गावोगावी जातात. एप्रिल २०१० मध्ये, ज्या विद्यापीठात मी तुलनात्मक साहित्य शिकले त्याच विद्यापीठातून लिलावात निघालेल्या एका जुन्या यंत्रातलं कोबाल्ट-६० इथे पोचलं, कुणाला न कळता ते कापलं गेलं आणि किरणोत्साराने एका कामगाराचा जीव गेला. फेकलेल्या वस्तूच्या आत काय आहे हे वाचता न आल्याची ती किंमत होती. काळ्या तेलाने माखलेल्या त्या गल्लीत शिरताना मला ते सारखं आठवत होतं.

पहिल्याच दुकानात ४३-८ मिळालं. दुकानदाराने एका ढिगातून क्राऊन काढला, दुसऱ्यातून पिनियन. मी पर्समधून खडू काढून दाते मोजले. त्रेचाळीस. आठ. बरोबर. पैसे काढणार तेवढ्यात भावाला फोटो पाठवला. त्याचं उलट उत्तर आलं, "दोन्हीवर कोरलेला नंबर बघ." क्राऊनवर एक नंबर होता, पिनियनवर दुसरा.

मग कळलं की क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार करतात. एकाचा प्रत्येक दाता दुसऱ्याच्या खाचेला सरावलेला असतो. म्हणून दोघांवर एकच नंबर कोरतात. दात्यांची संख्या जुळली तरी जोडी मोडलेली असेल तर ते आधी रडतात, मग तापतात, मग झिजतात. मी क्राऊन परत ढिगावर ठेवला. दुकानदार मला समजावत होता की सब चलता है. मी वीस वर्षं शब्दकोशातून दोन भाषांतले शब्द असेच दोन ढिगांतून काढून जोडत आले आहे. त्यातले किती आवाज करतात हे मला माहीत आहे.

गल्लीच्या टोकाला एका सरदारजींचं छोटं दुकान होतं. वय सत्तरीच्या पुढे, चष्म्याला दोरी. मी क्राऊन-पिनियन म्हटल्यावर त्यांनी माल दाखवला नाही, स्टूल पुढे केलं. विचारलं, "गड्डी किसकी है?"

"भाई की."

"चढ़ानी है या भगानी है?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "चढ़ानी है."

त्यांनी मान हलवली. हायवेवर पळवायची असती तर त्यांनी ४३-८ दिलंच नसतं, म्हणाले. टायर मोठे ठेव आणि आहे तेच गिअर राहू दे, इंजिन शांत चालेल, असं सांगितलं असतं. शिवाय क्राऊन तेवढाच ठेवून दाते वाढवले की प्रत्येक दाता बारीक होतो, थोडा कच्चा होतो. माती उडवत गाडी पळवणाऱ्या पोरांच्या हाती तो तुटतो. ओझं घेऊन हळू चालणाऱ्याकडे टिकतो. पुढचा आणि मागचा दोन्ही बदलायलाच हवेत. एकच बदलला आणि चार चाकांवर टाकली तर पुढची चाकं एका वेगाने ओढतील, मागची दुसऱ्या वेगाने ढकलतील, आणि मधलं काहीतरी मोडेल. मग त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "और ब्रेक का क्या किया?"

मी काही बोलले नाही. त्यांनी हाताने हवेत चाक काढून दाखवलं. ब्रेकचा ड्रम होता तेवढाच आहे. चाक मोठं झालं. जी तरफ इंजिनाच्या विरुद्ध गेली तीच ब्रेकच्याही विरुद्ध गेली. गिअर बदलून ओढ परत येईल, उतारावर गिअरमध्ये ठेवली तर इंजिनही तिला पूर्वीसारखं धरील, पण पायाखालचा ब्रेक दहा टक्के कमी तो कमीच. ड्रम बदलणं हे मोठं काम. निदान चारही चाकांचे लायनर नवीन घाला, ड्रम तपासा, आणि वेग कमी ठेवा.

दहा-बारा फूट मागे घसरलेली जीप मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसली. तोवर मी तिच्याकडे भावाचा हट्ट म्हणून पाहत होते.

मागचा जोडा त्यांच्याकडे होता, नंबर जुळणारा. पुढचा नव्हता. आमच्या जीपचा पुढचा जोडा आकाराने लहान, मागचा मोठा. गुणोत्तर मात्र दोघांचं एकच हवं. पुढच्यासाठी मी आणखी दोनदा मायापुरीला आणि एकदा कश्मीरी गेटला गेले. शेवटी तोही सरदारजींनीच कुठून तरी मागवून दिला. दरम्यान भावाचे फोन येत राहिले, आधी दाते, नंबर, तेल यांबद्दल, मग भात लावणीबद्दल, मग असेच.

त्याच आठवड्यांत कादंबरीच्या संपादिकेने माझी पहिली चाळीस पानं परत पाठवली होती. अचूक आहे, पण वाचताना धाप लागते, असं तिने लिहिलं होतं. मूळ लेखकाची वाक्यं लांब, पण हलकी. हिंदीत ती 'कि' आणि 'जो' यांच्यावर सहज वळण घेतात. मी मराठीत लांबी तेवढीच ठेवली होती आणि वर वजनदार तत्सम शब्द चढवले होते, साहित्यिक दिसावं म्हणून. टायर मोठे केले होते. आतलं काहीच बदललं नव्हतं. क्रियापद वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत वाचकाचा क्लच जळत होता. मी ती चाळीस पानं पुन्हा केली. वाक्यांची लांबी राखली, पण मध्ये क्रियापदं पेरली, 'आणि'च्या जागी ठिकठिकाणी 'की' आणि 'तर' आणले, जड शब्द उतरवले. मूळ वाक्याची चाल तीच ठेवायची तर आतला दात्यांचा हिशोब बदलावाच लागतो, हे मी वर्गात कित्येकदा ऐकलं होतं, दुसऱ्या शब्दांत. ते पटलं मात्र मायापुरीत.

कायद्याला हे सगळं मान्य आहे का, हेही मी पाहिलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ निर्मात्याच्या तपशिलाशी विसंगत असे बदल करू देत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडक शब्दांत पुन्हा सांगितलं आहे. मूळाशी प्रामाणिक राहा, असा आग्रह धरणारं हे कलम वाचून मला घरच्यासारखं वाटलं. भावाला सांगितलं तर तो म्हणाला, जुने टायर जपून ठेवलेत. डांबरी रस्त्याने पुण्याला जायचं झालं, फिटनेसला न्यायचं झालं की तेच चढवीन. मला हे पूर्ण पटलेलं नाही. पण दिल्लीत बसून त्याच्या दगडांची उंची ठरवण्याचा अधिकार मी आधीच एकदा वापरून पाहिला होता.

ऑगस्टच्या शेवटी मी गोवा एक्स्प्रेसने पुण्याला निघाले. निजामुद्दीनच्या तपासणी यंत्रात माझी बॅग अडकली. पडद्यावर दोन मोठी दातेरी चाकं आणि दोन जाड खुंटे स्पष्ट दिसत होते. जवानाने विचारलं, "मैडम, यह क्या है?" मी म्हटलं, गाडीचं गिअर. त्याने बॅग उघडायला लावली, ग्रीस लागलेला कागद उचकटून पाहिला आणि मग एकदम आपुलकीने विचारलं, "जीप का है?" त्याच्या गावीही एक होती.

भोरच्या गॅरेजमध्ये दोन दिवस लागले. मी तिथे स्टूल टाकून बसले. मिस्त्री वयाने भावाएवढाच, बाबांचा विद्यार्थी. दाते कुठे टेकतात हे पाहायला त्याने त्यांवर निळा रंग लावला, हाताने फिरवलं, आणि रंग कुठे पुसला गेला ते पाहिलं. दात्याच्या टोकाला पुसला गेला तर पिनियन आत घ्यायचा, बुडाला पुसला गेला तर बाहेर. पातळ पत्र्याच्या चकत्या घालत-काढत त्याने तो ठसा दात्याच्या मधोमध आणला. दात्यांमधली मोकळीक तो 'थाऊ'त मोजत होता, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. फार घट्ट बसलं तर तापतं, फार सैल बसलं तर ठोकतं. मी विचारलं, किती असावी? तो म्हणाला, "सर सांगायचे ना ताई, ज्याला जेवढी जागा लागते तेवढी द्यावी." बाबा असं काही म्हणाल्याचं मला आठवत नाही. पण मी त्याला तसं सांगितलं नाही.

नव्वद नंबरचं नवं तेल भरलं, चारही चाकांना नवे लायनर बसवले. पहिले पाचशे किलोमीटर ओझं घालायचं नाही, मग तेल बदलायचं, असं बजावून मिस्त्रीने किल्ली भावाला दिली. गाडी गॅरेजमधून निघाली तेव्हा भावाने एक गोष्ट दाखवली. गेलं वर्षभर काटा ४० दाखवायचा तेव्हा गाडी खरं म्हणजे ४४ ने धावत असायची, कारण काट्याला टायर मोठे झाल्याचं माहीतच नव्हतं. आता काटा पुन्हा खरं बोलत होता.

त्या वळणावर आम्ही संध्याकाळी पोचलो. आई बरोबर नव्हती. मीच पुढे बसले होते. आधी उतरून गेलो, मग उलटं फिरून चढायला लागलो. पहिला गिअर, दोन चाकं, क्लच पूर्ण सोडलेला. इंजिनाचा आवाज जरा चढला आणि तिथेच राहिला. जीप चालत वर आली. भाऊ वर थांबला, इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "पूर्वीसारखी झाली."

मग बराच वेळ कुणी बोललं नाही. खाली धरणाचं पाणी दिसत होतं. मी म्हटलं, "टायरचं मी उगाच बोलले."

"बोललीस ते बरोबरच होतं," तो म्हणाला. "बाबांनी आधी हिशोब केला असता. मी टायर आधी आणले."

रात्री जेवताना मी आईला विचारलं की तुला कुठे राहायचंय. भाऊ आणि भावजय दोघंही ताटात बघायला लागले. आई हसली. म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही दोघं माझ्यावरून भांडता, आज पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं गं." मग तिने शांतपणे सांगून टाकलं : पावसात ती इथून हलणार नाही, कारण पावसातच इथे माणूस लागतं. दिवाळीला द्वारकेत यायचं नाही, तिथल्या हवेत तिला खोकला येतो. फेब्रुवारीत येईल, होळी करून परत जाईल. आणि चढावर गाडी मागे गेली तेव्हा तिला भीती वाटली का, या प्रश्नाला म्हणाली, "गाडीची नाही वाटली. ह्याचं तोंड बघून वाटली."

ती फेब्रुवारीत आली. जीप मात्र इकडे कधी येणार नाही. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्ली आणि आसपासच्या भागात २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने मनाई केली, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. अंमलबजावणी मागेपुढे होत राहिली, तरी चाळीस वर्षांच्या जीपला इथे जागा नाही, आणि त्यात मला काही चूक वाटत नाही. इथल्या लेकरांनाही श्वास घ्यायचाय.

आई सकाळी गच्चीत उन्हाला बसते, विमानं मोजते आणि त्यांच्यामधल्या शांततेत भावाशी फोनवर बोलते. परवा मी चहा घेऊन गेले तेव्हा ती त्याला विचारत होती, "चढतेय ना रे?" विमान आलं. ती थांबली. आवाज विरेपर्यंत तिने फोन कानाला तसाच धरून ठेवला, आणि मग, "हां, बोल," म्हणाली.